पुढची काच शोधत बसू नका

विमानाचं मॉडेल जोडायच्या किटच्या खोक्यात पुढची काच नाही म्हणून दुकानदाराला फोन करणार असाल तर थांबा. मीही केला होता. तो बिचारा दुसरं खोकं फोडून बघायला निघाला, तेवढ्यात नातीने माहितीपत्रकातलं चित्र माझ्यापुढे धरलं. "आजोबा, खऱ्या विमानालाच पुढे काच नव्हती."

किट आहे १/४८ मापाचं, 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस'चं. चार्ल्स लिंडबर्ग २० मे १९२७ ला सकाळी न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि दुसऱ्या दिवशी रात्री पॅरिसला उतरला, ते हे विमान. पेठेतल्या एका छोट्या दुकानातून साडेअठराशेला घेतलं. दुकानाचं आणि कंपनीचं नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि दुकानदार माणूस भला आहे.

माझी पस्तीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये गेली, प्लॅस्टिकचे मोल्ड, म्हणजे साचे, करण्यात. त्यामुळे भेंडी मोडून बघावी तसा मी एकेक पार्ट बघतो. मोल्ड थकलेला आहे. धडाचे दोन भाग जुळवले की पार्टिंग लाइनवर, म्हणजे सांध्यावर, अर्ध्या मिलिमीटरची पायरी लागते. फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक, इतका की पंखाचे टेकू ब्लेडने तासून काढावे लागले. पार्ट साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल डाग नेमके केबिनच्या आत, दारातून दिसतील असे. आमच्याकडे असा पार्ट क्वालिटीवाल्याने माझ्या टेबलावर आपटला असता.

पण माप चोख आहे. गोंद न लावता सगळं जुळवून पट्टी लावली तर पंख २९.२ सेंटिमीटर भरला. गुणिले ४८ करा, चौदा मीटर, म्हणजे खऱ्या विमानाचे ४६ फूट. मग शेपटी लावून बघितली आणि वाटलं, ही दुसऱ्याच विमानाची आली. एवढ्या पंखाला एवढीशी शेपटी! तीही चूक नव्हती. सॅन दिएगोच्या रायन कंपनीत डोनाल्ड हॉलने आधीच्या मॉडेलचा पंख दहा फुटांनी वाढवला, कारण पेट्रोल उचलायचं होतं. शेपटी वाढवायला वेळ नव्हता, जुनीच ठेवली. अख्खं विमान साठ दिवसांत उभं केलं त्यांनी. (आमच्याकडे साठ दिवसांत बादलीच्या मोल्डची पहिली ट्रायल झाली तर पेढे वाटायचे.) परिणाम असा की विमान हात सोडला की भरकटायचं. निघण्याच्या आदल्या रात्रीही लिंडबर्गचा डोळा लागला नव्हता, त्यात पुढे साडेतेहतीस तासांचा प्रवास. या ओढाळ विमानानेच त्याला जागं ठेवलं म्हणायचं.

आता काचेचं. मुख्य टाकी त्याने स्वतः सांगून आपल्या पुढ्यात, इंजिनाच्या मागे बसवून घेतली. विमान आपटलंच तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपला चुराडा नको, हा हिशोब. टाकीने पुढचं सगळं झाकलं, म्हणून काच नाही. एकूण पेट्रोल सुमारे १,७०० लिटर, उड्डाणाच्या वेळच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त. बाकी सगळ्यात काटकसर. रेडिओ नाही, पॅराशूट नाही, नकाशांच्या कडासुद्धा कापलेल्या, खायला पाच सँडविच. पुढचं बघायचं तर बाजूच्या खिडकीतून मान काढायची, नाहीतर डावीकडे सरकवता येणारा पेरिस्कोप वापरायचा. किटमध्ये हा पेरिस्कोप तिळाएवढा आहे. माझा चिमट्यातून उडाला तो थेट सोफ्याखाली, केरसुणी घेऊन तासभर शोधला. खुर्ची मात्र या लोकांनी घालवली. खरी वेताची होती, वजन वाचावं म्हणून. यांनी एसटी स्टँडच्या बाकड्यासारखी सपाट ठोकळा दिली आहे. मी तापवलेल्या सुईने वीण कोरली. बरी दिसते.

न्यूयॉर्क-पॅरिस न थांबता उडण्याच्या याच स्पर्धेत सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फाँकचं तीन इंजिनांचं जड विमान उडतानाच कोसळून जळालं, त्यात दोघं गेले. नंजेसेर आणि कोली ८ मे १९२७ ला पॅरिसहून निघाले ते परत दिसलेच नाहीत. म्हणजे एक इंजिन आणि एक माणूस हा पोरकटपणा नव्हता. जितकं कमी, तितकं बिघडायला कमी. इंजिन राइट कंपनीचं, हवेने थंड होणारं, नऊ सिलिंडरचं. किटमधला सगळ्यात सुंदर पार्ट हाच. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, मोजता येतात.

डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं, पिवळे पडले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गॅलरीच्या काचेला आतून चिकटवले, आठवडाभर ऊन खाल्लं, बऱ्यापैकी पांढरे झाले. नाकावरच्या पत्र्याचे डिकॅल मात्र पाण्यात टाकताच तुकडे तुकडे. या पत्र्यावर एकाला एक लागून गोल गोल घासलेल्या खुणा आहेत, तीच तर विमानाची ओळख. मग कोल्ड्रिंकचा कॅन कापला, पेन्सिलीचं खोडरबर हातड्रिलमध्ये पकडलं, टोकाला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि एकेक ठिपका टेकवत गेलो. दोन कॅन वाया गेले. तिसऱ्याला ओळ सरळ आली, तेव्हा हिने चहा आणून ठेवलेला गार झाला होता.

पाचपैकी साडेतीन. हातात कसब असेल तर घ्या, पोराला पहिलंच किट म्हणून देऊ नका.

एक गोष्ट राहिली. पंख्याच्या मधोमध जी टोपी असते, स्पिनर, तिच्या आत रायनच्या कामगारांनी आपापली नावं लिहिली होती आणि शुभ म्हणून स्वस्तिक काढलं होतं, आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं. खंडेनवमीला आम्ही लेथवर काढायचो तसंच. ती टोपी न्यूयॉर्कला तडकलेली निघाली, दुसरी बसवली, आणि स्वस्तिकवाली पॅरिसला गेलीच नाही. किटमधली टोपी शर्टाच्या बटणाएवढी आहे. चिकटवण्याआधी नातीने ती माझ्या हातातून घेतली, भिंग लावून आत लाल पेनाने काहीतरी केलं आणि वर स्वतःच गोंद लावून टाकला. काय लिहिलंस विचारलं तर म्हणाली, "आता दिसणार नाही."