घरघंटी वर्षभर वापरल्यावर: मोटरला दोष देण्याआधी कापड बघा

दळता दळता घरघंटी गुरगुरते, गरम होते आणि बंद पडते. सर्व्हिसवाला येतो, दार उघडतो, पाच मिनिटांत "मोटर गेली" म्हणतो आणि चार-पाच हजारांचा आकडा सांगतो. तो आकडा मान्य करण्याआधी पिठाच्या डब्यावरचं कापड काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर मोटरला हात लावायची गरज बहुधा नाही.

एक एचपीची, बीटरवाली, कपाटासारखी घरघंटी बहुतेकांना माहीत आहे, त्यामुळे तिचं वर्णन करत नाही. पण हे कापड कशासाठी असतं ते विकताना कुणी सांगत नाही. बीटर मिनिटाला 2,800 च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे तो दाणा फोडतो तसाच पंख्यासारखा वाराही ढकलतो. पीठ जाळीतून डब्यात पडतं आणि त्याच्याबरोबर आलेला वारा कापडातून बाहेर जातो. कापडाची छिद्रं बुजली की वाऱ्याला वाट उरत नाही. मग पीठ दाराच्या रबरातून उडायला लागतं, जाळीखाली साचतं, बीटर त्याच पिठात घुसळत राहतो, मोटरवर ताण येतो आणि जास्त ताणाला मोटर बंद करणारं ओव्हरलोडचं बटण बाहेर येतं. वीस मिनिटं थांबून बटण दाबलं की पुन्हा चालू होते आणि दोन किलोनंतर पुन्हा बंद पडते. या खुणेवरून ओळखावं की दोष कापडात आहे.

कापड सगळ्यात लवकर चोंदतं ते बेसन आणि तांदळाच्या पिठाने. ही दोन्ही दळणं झाली की कापड उलटं करून गॅलरीत झटकायचं, तेही दळल्यावर लगेच. दुसऱ्या दिवसावर ढकललं की हवेतला ओलावा धरून पीठ धाग्यात बसतं. महिन्यातून एकदा साध्या पाण्यात धुवायचं आणि पूर्ण वाळवायचं. किंचित दमट कापड चढवलं तर छिद्रांत खळ तयार होते, ती वाळली की कापड कायमचं कामातून गेलं. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून जादाची दोन कापडं हवीतच. शिंप्याकडून शिवून घेता येतात, पण जुनं कापड नमुन्याला न्या. मांजरपाट वापरलं तर वारा अडतो, फार विरळ घेतलं तर घरभर पीठ उडतं. वॉरंटी कार्डावर मोटर ठळक अक्षरांत असते. कापड, जाळी आणि रबर बारीक अक्षरांत वगळलेले असतात. रोज झिजणाऱ्या वस्तूच वगळायच्या याचा राग येतो.

कापड स्वच्छ असूनही बंद पडत असेल तर जाळी काढून, धान्य न घालता चालू करा. नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तर संशय कॅपॅसिटरवर, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या भागावर. इलेक्ट्रिशियनकडून जुन्यावर लिहिलेल्या एमएफडीचाच, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, नवा बसवून घ्या. स्वतः हात घालू नका, प्लग काढला तरी कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. रिकामी नीट फिरते आणि दळतानाच बसते, तर धान्य ओलं आहे, दाणा खाली सोडणारी झडप जास्त उघडी आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. प्लग 16 अँपिअरचा, अर्थिंगसह हवा. एक्स्टेन्शन बोर्डावर कधीच नको.

आता पैशांचं. गिरणीचा दर किलोला 7 रुपये आणि महिन्याचं दळण 25 किलो धरा: 175 रुपये. घरघंटी बारीक जाळीवर तासाला सहा किलोच्या आसपास गहू दळते आणि त्या तासात साधारण एक युनिट खाते. चार-सव्वाचार युनिट, 10 रुपयांनी 42 रुपये. महिन्याला वाचले 133, वर्षाला सोळाशेच्या आत. घरघंटी 18,000 ची असेल तर पैसे फिटायला अकरा वर्षं. गल्लीच्या टोकाला चांगली गिरण असेल आणि घरात पाकिटातलं पीठ येत नसेल, तर नुसत्या दळणावळीसाठी घेऊ नये. एप्रिलमध्ये कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून वर्षाचा लोकवन गहू भरला की किरकोळीपेक्षा स्वस्त पडतो, हे खरं. पण ती बचत घरघंटीच्या नावावर मांडू नका. तोच गहू गिरणीत दळूनही ती मिळते.

हे गणित पाकिटवाल्या घरात बदलतं. पाकिटातला आटा आणि घरी दळलेलं पीठ यात किलोमागे 12 रुपयांचा फरक असेल, तर महिना 15 किलोला 180 रुपये सुटतात. बेसन, नाचणी, तांदूळ, राजगिरा यांच्या अर्ध्या किलोच्या पाकिटांत किलोमागे फरक याहून जास्त असतो. तिथे चार वर्षांत पैसे फिटू शकतात.

आणि गणितात न बसलेली एक गोष्ट, जिच्यामुळे सुरुवातीचं मत बदलावं लागलं: शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. जोंधळ्याचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फुटतात, मग त्यात कढत पाणी घाला, गव्हाचं पीठ मिसळा, असे उपाय चालतात आणि शेवटी तळाचं पीठ टाकावं लागतं. बाजरी तर त्याहून लवकर कडवट होते. गिरणीत एक किलो घेऊन कोणी जात नाही, पाच-सात किलो जातं आणि तळाचं शिळं होतं. घरी दोन किलो मालदांडी ज्वारी दळली, संपली की पुन्हा दळली. पीठ फेकणं थांबलं आणि भाकरी मऊ राहायला लागली. भाकरीच्या घरासाठी हे एक कारण पुरे आहे.

घरघंटीच्या पिठाची चपाती कडक होते, ही तक्रार अर्धीच खरी. दगडी गिरणीत दाणा चिरडला जातो म्हणून ते पीठ पाणी जास्त आणि पटकन पितं. बीटर दाणा फोडतो, त्यामुळे कणीक सुरुवातीला सैल वाटते आणि चपाती कडक होते. सगळ्यात बारीक भोकाची जाळी लावा, पाणी थोडं कमी घाला, कणीक अर्धा तास मुरू द्या. जाळीचे नंबर कंपनीगणिक वेगळे असतात, भोक डोळ्यांनी बघून ठरवा. खपली गव्हाला हीच कृती, फक्त मुरायला आणखी वेळ.

धान्य निवडल्याशिवाय घालू नका. शाळूत खळ्यावरचे बारीक खडे येतात, एक खडा जाळी फाडतो. पिठात अचानक कोंड्याचे मोठे तुकडे दिसले की जाळी फाटली समजा. गहू धुतला असेल तर दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवा. एरंडेल लावलेलं धान्य नको, कापड चिकट होतं. हरभरा डाळ उन्हात तापवून, झडप एक तृतीयांश उघडी ठेवून दळा. नाचणीलाही झडप कमीच, दाणा बारीक असल्याने धो धो उतरतो. दळलेलं पीठ गरम असतं. परातीत पसरून निवल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरून गोळे होतात आणि लवकर किडतं.

धने, हळद असं सुकं थोडंसं चालतं. नंतर मूठ-दोन मूठ तांदूळ दळून वास काढता येतो. चटणीचा, म्हणजे वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्याचा, मात्र हट्ट धरू नका. तळलेला कांदा-लसूण, भाजलेलं खोबरं, तीळ, सगळं तेलकट. जाळी बुजते, कापड तांबडं होतं आणि पुढची भाकरी तिखट लागते. बेडगी-लवंगी मिरचीची वर्षाची चटणी मसाला कुटणाऱ्या डंकावरच कुटून आणा.