जुनं आरएक्स ५८० की जीटीएक्स १६५०?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड बघायला गेलात तर ५८० कडे ओढा जातोच, ८ जीबी मेमरी आणि ताकदही जास्त. मान्य, पण २०१७ चं हे कार्ड १८५ वॅटचं आहे, मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅटच मिळतात आणि उरलेले ८ पिनच्या केबलमधून यायला हवेत, म्हणजे चांगला ५०० वॅटचा पॉवर सप्लाय पाहिजेच, आणि नसेल तर त्याचे पैसे कार्डाच्या किमतीत धरा ना! प्लीज, साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून ८ पिनचा जुगाड करू नका, तो कनेक्टर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅटचा असतो, वितळतो.

१६५० ७५ वॅटचं. बऱ्याच मॉडेल्सना वेगळी केबल लागतच नाही. मेमरी मात्र ४ जीबीच, नव्या गेम्सना कमी पडते. तरी साधा सप्लाय असलेल्याने मी म्हणेन हेच घ्यावं.

आता रिपेअर. ५८० बरीचशी क्रिप्टो मायनिंगमधून (डिजिटल नाणी मिळवायला सतत चालवलेली) आलेली, चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली, फॅन खडखडणारे, पण हे घरी बदलता येतं, फक्त थर्मल पॅडची (उष्णता नेणाऱ्या मऊ पट्ट्यांची) जाडी जुन्याइतकीच घ्या नाहीतर चिपला हीटसिंक (थंड करणारा धातूचा ठोकळा) नीट टेकत नाही. मायनिंगवाल्यांनी बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला असू शकतो, मूळ परत टाकावा लागतो. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कोर (गणना करणारे छोटे भाग) किती ते पण बघा, खऱ्या ५८० ला २३०४ असतात, २०४८ वालं वेगळं, हळू कार्ड आहे. आणि स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसले (चिप किंवा मेमरी बिघडल्याची खूण) तर दोन्हीपैकी कुठलंही असो, सोडून द्या, हीटगनने शेकून चालू केलेलं कार्ड फार दिवस टिकत नाही.