ॲसिड-फिनाईलशिवाय आठ महिने: लातूरच्या बोअरच्या पाण्यातला अनुभव

लातूरमध्ये आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि वापराचे पाणी इमारतीच्या बोअरचे आहे. ते इतके क्षारयुक्त आहे की आठवडाभर वापरलेली स्टीलची बादली आतून पांढरी होते. सासूबाईंना दमा आहे; मोरी ॲसिडने धुतली की त्यांचा खोकला रात्रभर थांबत नसे. म्हणून गेल्या ऑक्टोबरपासून ॲसिड, फिनाईल आणि उग्र वासाची सगळी द्रावणे बंद केली आणि धुण्याचा सोडा, लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) व रिठा या तीन वस्तूंवर घराची स्वच्छता चालवली. तिन्ही वस्तू किराणा दुकानात सुट्या मिळतात. पूर्वी या सामानावर महिन्याला सव्वाचारशे रुपये जात. आता सव्वाशे ते दीडशे रुपयांत भागते.

सर्वांत जास्त उपयोग लिंबूसत्त्वाचा झाला. नळावर, बादलीत आणि हीटरच्या रॉडवर जमणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच असतो आणि तो आम्लात विरघळतो. साबणाने कितीही घासले तरी तो हलत नाही. एक पेला कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके मी नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवते आणि नंतर पुसून धुते. रॉड मात्र विजेपासून पूर्ण सोडवून, थंड झाल्यावरच द्रावणात उभा करते. फवारणीची बाटली मी वापरत नाही, कारण आंबट तुषार श्वासात गेले तर दमेकऱ्याला ते ॲसिडच्या वासाइतकेच बाधू शकतात.

याच लिंबूसत्त्वाने माझे एक नुकसानही केले, आणि ते मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. नळाचे द्रावण खालच्या शहाबादी फरशीवर ठिबकत राहिले आणि तिथे खरबरीत, निस्तेज डाग पडले, ते अजून तसेच आहेत. शहाबादी फरशी स्वतःच चुनखडीचा दगड आहे. जे आम्ल नळावरचा थर खाते, तेच फरशीही खाते. कडप्पा आणि संगमरवर यांनाही हाच धोका आहे. त्यामुळे लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर ओट्यावर टाकण्यापूर्वी ओटा कशाचा आहे, हे पाहावे.

ओट्यावरचा तेलकट थर, शेगडी आणि डब्यांची चिकट झाकणे यांसाठी धुण्याचा सोडा आहे. एक चमचा सोडा अर्धा लिटर गरम पाण्यात घालून फडक्याने लावला की पाच-सात मिनिटांत तेल सुटते. हा खाण्याचा सोडा नव्हे. धुण्याचा सोडा त्याहून पुष्कळ तीव्र असतो, हात कोरडे पडतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि डब्यावर नाव लिहून तो स्वयंपाकाच्या सामानापासून दूर ठेवावा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळवंडतात. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणण्याची रीत मीही करून पाहिली; आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हाती मुख्यतः खारट पाणी उरते, त्यामुळे दोन्ही वेगवेगळ्या वेळी वापरणेच योग्य.

रिठ्याबद्दल माझे मत मिश्र आहे. बिया काढलेल्या १२-१५ रिठ्यांच्या साली रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, सकाळी दहा मिनिटे उकळून, कुस्करून गाळल्या की द्रावण तयार होते. आपल्या दुष्फेन, म्हणजे साबणाचा फेस नीट न होणाऱ्या क्षारयुक्त पाण्यात साबणाचा चिकट साका बनतो, तसा रिठ्याचा बनत नाही, आणि फेस कमी असल्याने विसळायला पाणीही कमी लागते. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे वाचलेली एक बादली हा माझ्यासाठी मोठाच हिशेब आहे. फरशी पुसायला आणि रंगीत सुती कपड्यांना रिठा उत्तम. मात्र खरकट्या तेलकट कढईपुढे तो अपुरा पडतो, म्हणून भांड्यांची साबणाची वडी मी सोडलेली नाही. उन्हाळ्यात द्रावण तीन दिवसांत आंबते, तेव्हा थोडेच करावे. डोळ्यांत गेल्यास ते फार झोंबते.

एका बाबतीत मी मागे आले. घरात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या, तर संडास आणि मोरी जंतुमुक्त करण्याचे काम ना रिठ्याने होते, ना लिंबूसत्त्वाने. त्यासाठी ब्लीचिंग पावडरचा लहान डबा ठेवला आहे. तिचा आम्लाशी संबंध आला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून हा डबा वरच्या फळीवर आणि लिंबूसत्त्व खालच्या कपाटात असते. एकाच दिवशी दोन्ही वापरायचे नाहीत, असे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवले आहे.