व्हीजीए पोर्ट असलेलं '१०५० टीआय' कुणी विकत असेल तर घेऊ नका

जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक कार्ड, ४ जीबी मेमरी, 'खोक्यासकट, एकदम नवं' म्हणून ५,८०० रुपयांना मला विकलेलं कार्ड प्रत्यक्षात २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय निघालं. मेमरी १ जीबी. आतला बायोस, म्हणजे कार्डाचं स्वतःचं मूळ सॉफ्टवेअर, बदलून त्याला खोटं नाव शिकवलेलं. जुन्या वस्तूंच्या ॲपवर अशी कार्डं आजही सर्रास विकली जातायत. मी गप्प बसले तर पुढचा बकरा तयारच आहे, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

घरी एका कंपनीतून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० कॉम्प्युटर आहे, चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आहे, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकतो आणि गेम खेळतो. दोन्हीला ग्राफिक कार्ड हवं. बजेट दहा हजार, त्याच्या वर एक रुपया नाही, कारण आमच्या घरात पगार एकच येतो आणि तो माझा आहे. ८ जीबी रॅम ९०० ला आणि २५६ जीबीची एसएसडी १,६५० ला घेतली. उरले ७,४५०. नवं आरटीएक्स ३०५० कार्ड विचारलं तर किंमत पंधरा हजारांच्या पुढे. मग सेकंडहँडच.

त्यात १०५० टीआयच का, हे ज्यांनी असे ऑफिसचे डबे अपग्रेड केलेत त्यांना माहीत आहे. या डेलचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, २९० वॉटचा, त्यातून ग्राफिक कार्डासाठी वेगळी वायर निघतच नाही. १०५० टीआय ७५ वॉटमध्ये चालतं, म्हणजे सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच घेतं. म्हणूनच २०१६ चं हे कार्ड अजून इतकं मागितलं जातं, आणि म्हणूनच त्याच्या नावावर इतका खोटा माल खपतो. फसवणाऱ्यांना गिऱ्हाईक कोण आहे ते पक्कं ठाऊक असतं: ज्याच्याकडे पैसे कमी आहेत तो.

जाहिरातीत ६,५०० लिहिलं होतं. माणूस मराठीच, बोलायला गोड, प्रत्येक वाक्यात ताई. दुकान बंद करतोय, शिल्लक माल काढतोय म्हणाला. ५०० रुपये टोकन यूपीआयने पाठवले. भावाची परीक्षा होती, म्हणून नाशिकहून मी एकटीच गेले. उपनगरातल्या एका स्टेशनबाहेर, जिना चढून वर एका गाळ्यात त्याने बसवलं. टेबलावर मशीन जोडून ठेवलेलं, कार्ड आधीच आत. डिव्हाइस मॅनेजर उघडून दाखवला, नाव बरोबर. डीएक्सडायग हे विंडोजमधलं माहितीचं पान उघडलं, नाव बरोबर, मेमरी ४ जीबी. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड सॉफ्टवेअरसुद्धा त्याने स्वतःहून उघडून दाखवलं, तिथेही तेच. जीटीए फाइव्ह हा गेम लावून दाखवला, चालला. भावाने जे जे तपासायला सांगितलं होतं ते सगळं मी तपासलं. एखादीने याहून जास्त काय करायचं?

ती जीपीयू-झेडची जुनी प्रत होती, हे आता कळतंय. २०१८ मध्ये आलेल्या २.१२ आवृत्तीपासून ते सॉफ्टवेअर असं कार्ड ओळखतं आणि नावाच्या आधी कंसात 'फेक' असं लिहून दाखवतं. त्याच्या पेनड्राइव्हवर मुद्दाम त्याआधीची आवृत्ती ठेवलेली. विकणाऱ्याच्या मशीनवर विकणाऱ्याचं सॉफ्टवेअर बघू नका. स्वतःच्या पेनड्राइव्हवर आजची आवृत्ती घेऊन जा आणि ती त्याच्यासमोर चालवा. नको म्हणाला की उठा.

मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टोचलन मिळवायला कार्ड दिवसरात्र राबवलंय का ते, मी आवर्जून विचारलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर घासलेली कार्डं बाजारात किती आली हे सगळेच सांगतात, त्यामुळे सगळं लक्ष त्याच भीतीकडे. तो म्हणाला, "ताई, मायनिंगवाल्याकडे असा खोका असतो का?" आणि खोका पुढे केला. वर प्लास्टिक, आत फोमचा कप्पा, सीडी. खोका छापायला काय लागतं हो?

आता तो क्षण, जो मला रात्री झोपू देत नाही.

कार्ड त्याने मशीनमधून काढून माझ्या हातात दिलं. मी पाठीमागची पट्टी बघितली. एचडीएमआय, डीव्हीआय, आणि तिसरा निळा, पंधरा भोकांचा व्हीजीए. आमचा मॉनिटर जुना आहे, त्याला फक्त व्हीजीए. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल म्हणून मी ३५० रुपये वेगळे ठेवले होते. तो निळा पोर्ट दिसला आणि मला आनंद झाला. "अरे वा, व्हीजीए पण आहे," असं मी त्याला तोंडाने म्हणाले! आणि तो हसून म्हणाला, "तुमच्यासाठीच आहे ताई."

१०५० टीआयला व्हीजीए नसतो. ज्या पिढीचं ते कार्ड आहे, त्या पास्कल पिढीत चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने व्हीजीएला लागणारा ॲनालॉग सिग्नल चिपमधूनच काढून टाकला. अस्सल कार्डावर डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी असतात. डीव्हीआयच्या आडव्या खाचेभोवती चार बारीक भोकं दिसली तर तोही ॲनालॉग, तेही कार्ड नको. म्हणजे पुरावा माझ्या हातात होता, निळ्या रंगाचा, आणि त्या माणसाला तो पुरावा आहे हे माहीत होतं. मला का माहीत असावं? मी एका ट्रेडिंग फर्ममध्ये हिशेब लिहिते. मी जीएसटी रिटर्न चुकवत नाही, पण कुठल्या चिपमधून कुठला सिग्नल काढला हे गिऱ्हाइकाने पाठ करून यायचं का? विकणाऱ्याने खरं सांगायचं असतं. दोष त्याचा आहे आणि मी तो माझ्या डोक्यावर घेणार नाही, नातेवाईक कितीही "नीट बघायचं होतं गं" म्हणोत.

कार्डाच्या वरच्या कडेला वीज जोडायचा ६ पिनचा सॉकेट होता. १०५० टीआयला वेगळी वीज लागत नाही ना, असं मी विचारलं. "ही ओसी एडिशन आहे, जास्त पॉवरची." हे अर्धं खरं असतं, काही महागड्या १०५० टीआयवर असा सॉकेट येतो, आणि अर्ध्या खऱ्यावरच माणूस गप्प होतो. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, वायरवरून ६ पिन करणारी केबल त्याने वर १५० रुपये घेऊन दिली. ही केबल कुणीही, कुठल्याही कार्डाला लावू नका. साटाचं कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटपर्यंतचं असतं आणि ६ पिनमधून कार्ड ७५ वॉट ओढू शकतं. आमच्या केबलचं काळं प्लास्टिक पिवळ्या वायरीच्या तोंडाशी मऊ पडून तपकिरी झालं होतं आणि खोलीभर जळका वास. घर जळलं असतं म्हणजे?

पैशांचं पण ऐका. उरलेल्या ५,३०० पैकी ३,३०० मी क्यूआर स्कॅन करून दिले. नाव आलं कुठल्यातरी बाईचं. "वहिनीचं खातं आहे, माझं आजचं लिमिट संपलं." २,००० रोख मागितले, दिले. बिल म्हणून 'एस्टिमेट' छापलेल्या वहीतला कागद, जीएसटी नंबर नाही, "पक्कं बिल व्हॉट्सॲपवर टाकतो." सेकंडहँड मालाला पक्कं बिल कोण देतं, मलाही ठाऊक आहे. पण समोरच्याचं नाव आणि यूपीआयवरचं नाव वेगळं असेल तर पिन टाकू नका. निघताना शेवटचं वाक्य: "ताई, ड्रायव्हर पेनड्राइव्हमधलाच टाका. नेटवरून अपडेट करू नका, कार्ड लॉक होतं." असं कुठलंही कार्ड लॉक होत नसतं. हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की समजा माल खोटा आहे, कारण खरा ड्रायव्हर चिपला तिचं खरं नाव विचारतो.

घरी आल्यावर साध्या सेटिंगवर गेम चालले. भावाने टेक्स्चर वाढवलं की स्क्रीन काळी. ब्लेंडर कार्डाला हातच लावेना. शेवटी त्याने एनव्हिडियाचा ड्रायव्हर उतरवला, तर इन्स्टॉलर म्हणतो या मशीनवर चालण्याजोगं कार्डच नाही. त्या जुन्या पिढीसाठी नवे ड्रायव्हर २०१८ मध्येच थांबलेत. मग नवं जीपीयू-झेड: 'फेक', चिप जीएफ११६, म्हणजे ५५० टीआयची, कोअर १९२. खऱ्या १०५० टीआयला ७६८ असतात. तरी खात्रीसाठी ओळखीच्या टेक्निशियनकडे नेलं, त्याने ३०० घेतले. हीटसिंकचे, म्हणजे चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या झाकणाचे, चार स्क्रू काढले, वाळलेली पेस्ट कापसाने पुसली, आणि आरशासारख्या चिपवर कोरलेलं दिसलं: जीएफ११६-४००. तिथे जीपी१०७-४०० असायला हवं होतं. एवढं सोपं आहे ते, कोरून लिहिलेलं, फक्त झाकणाखाली.

त्या माणसाचा फोन लागत होता. पहिल्यांदा म्हणाला "टेस्टिंग वॉरंटी सात दिवसांची होती", मग म्हणाला "तुम्हीच कार्ड बदललंय", मग ब्लॉक.

आणि मग सुरू झाली दुसरी फरफट. आमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात मला पहिला प्रश्न आला, "किती गेले?" सांगितलं. हवालदार साहेब शेजारच्याकडे बघून हसले. "गेमच्या कार्डासाठी मॅडम तक्रार द्यायला आल्यात." मग म्हणे वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ वाचा, खोटं सांगून पैसे काढणं म्हणजेच फसवणूक. त्यावर उत्तर: व्यवहार तिकडे झालाय, तिकडच्या ठाण्यात जा. रजा टाकून तिकडे गेले. तिथले म्हणाले, टोकन नाशिकहून पाठवलंत, तक्रार नाशिकला होईल. हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडला तरी माहिती कुठल्याही ठाण्याने नोंदवून घ्यायची. हे मी त्यांना छापून दाखवलं. कागद घेतला, बाजूला ठेवला, आणि "साहेब आल्यावर बघू." साहेब आले, चहा झाला, साहेब गेले. सायबरवाल्यांकडे पाठवलं, तर ते म्हणाले तुम्ही माणसाला समोरासमोर भेटलात, हा ऑनलाइन गुन्हा होत नाही. म्हणजे पोलिसांसाठी हा सायबर आणि सायबरसाठी हा पोलिसांचा! माझी रजा जाते, माझा पगार कापला जातो, आणि तो माणूस त्याच जिन्यावर बसून पुढच्या गिऱ्हाइकाला ताई म्हणतो. पाच हजार आठशे ही त्यांना किरकोळ रक्कम वाटते. ज्याचा महिना पाच तारखेला सुरू होऊन वीस तारखेला संपतो त्याला विचारा किरकोळ म्हणजे काय.

बँकेने सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, व्यवहार मंजूर आहे, परत फिरणार नाही. ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांचं पत्र कसं आणायचं ते वर लिहिलंच आहे. ॲपवाल्यांनी तक्रार 'सोडवली' म्हणून बंद केली, वर अनुभवाला किती स्टार द्याल विचारलं. ओळखीच्या वकिलांच्या मते ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी पण नाही आणि दावा मी राहते तिथेच लावता येतो, पण तो धंदा म्हणून विकतो हे दाखवावं लागेल. म्हणून मी त्याच्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढते आहे. एकच माणूस तीन-तीन 'नवी' कार्डं विकत असेल तर तो घरगुती विक्रेता नाही.

तुमचे पैसे ऑनलाइन गेले असतील तर पहिल्या काही तासांतच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, उशीर झाला की रक्कम खात्यातून निघून जाते. ठाण्यात तोंडी सांगू नका. दोन प्रतींत लेखी अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना स्पीड पोस्टाने पाठवा. मी पोलीस आयुक्तालयात तसा पाठवला आहे, पोचपावती आली आहे, अजून फोन आलेला नाही. आणि कार्ड घेताना झाकण उघडू देणाऱ्याकडूनच घ्या, नाहीतर पैसे साठेपर्यंत थांबा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर महिनाभर लेखी टेस्टिंग वॉरंटी देणारे दुकानदार मिळतात, हजार रुपये जास्त गेले तरी चालेल.

परवा त्याच गाळ्याच्या टेबलाचा फोटो असलेली नवी जाहिरात दिसली. नाव वेगळं, किंमत ६,२००, आणि फोटोत तोच निळा पोर्ट. उपनगरातल्या अशा गाळ्यात कुणी टोकन दिलं असेल किंवा आधीच फसलं असेल तर मला कळवा. माझ्या अर्जाची प्रत मी देते, आपण एकत्र तक्रार करू. एकट्या बाईच्या ५,८०० ला हसता येतं, दहा जणांच्या अर्जाला हसता येणार नाही.