दादू बोक्याचं पोर्ट्रेट: पाचपैकी चार

चित्राला पाचपैकी पाच द्यायला माझी हरकत नव्हती. पण ऑर्डर म्हणजे नुसतं चित्र नव्हे. फोटो पाठवल्यापासून भिंतीत खिळा ठोकेपर्यंतचा सगळा व्यवहार त्यात आला, आणि त्यात एक गुण कापावा लागला. चित्रकर्तीचं नाव देत नाही. पुढे तिला एका गोष्टीवरून बोल लावणार आहे, आणि तिची बाजू मांडायला ती इथे नाही.

मी जन्मभर इमारतींचे नकाशे काढले. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि शेवटी शेवटी कॉम्प्युटर. त्यामुळे रेघेतलं कळतं, रंगातलं बेताचं, मांजरातलं त्याहून कमी. मांजर आमच्या हिचं. दादू नावाचा काळा बोका, वयस्कर, डाव्या कानाला मारामारीत पडलेली खाच, आणि गालफडं अशी की समोरून तोंड उंचीपेक्षा रुंदच जास्त दिसतं. चित्र हवं होतं हिला. व्यवहार माझ्याकडे आला, कारण ‘तुम्हाला त्या पेन्सिलींमधलं समजतं’.

ऑर्डर घेण्याआधी या बाईंनी जे विचारलं, तिथेच माझा निम्मा विश्वास बसला. वय काय, अंगावर खुणा कुठे, कुठली खूण काढायची आणि कुठली गाळायची, गळ्यात पट्टा हवा का. शिवाय बोका नुसता बसलेला असतानाचा छोटा व्हिडिओ मागितला. चित्र स्थिर, मग व्हिडिओ कशाला? तर तो मान कशी धरतो, कान पुढे ठेवतो की बाजूला पाडतो, हे एका फोटोत कळत नाही म्हणून. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर साध्या फोटोसारखे नकोत, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जातात आणि डोळ्यातला सगळा तपशील उडतो, हेही तिनेच सांगितलं.

हिचा सगळ्यात लाडका फोटो तिने पहिल्या फटक्यात नाकारला. “काका, हा नाही चालणार. मोबाइल नाकाशी नेऊन काढलाय.” मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. जवळून फोटो घेतला की नाक फुगतं, कान मागे पळतात, कपाळ आक्रसतं. स्क्रीनवर ते गोड दिसतं, पण कागदावर तसंच उतरवलं तर दुसऱ्याच कुणाचं तरी मांजर वाटतं. उपाय सोपा आहे. दोन पावलं मागे जायचं, दुप्पट झूम करायचं आणि कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा, म्हणजे फरशीवर पालथं पडायचं. ते काम माझ्याकडे आलं. दिवसाउजेडी, खिडकीच्या बाजूने प्रकाश घेऊन, फ्लॅश बंद. मांजर-कुत्र्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅश मारला की डोळ्यांच्या जागी हिरवे-पिवळे दिवे उमटतात आणि बाहुलीचा आकार हरवतो.

फोटोवरून चित्र काढणं म्हणजे कमअस्सल, असं नाक मुरडणारे मला भेटलेत. त्यांनी एकदा मांजराला समोर बसवून पाहावं. ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी १९९५ मध्ये आपल्या स्टॅनली आणि बुजी या दोन डॅशहुंड कुत्र्यांची चित्रमालिका प्रत्यक्ष पाहून केली. त्यासाठी त्यांना घरात जागोजागी साहित्य मांडून ठेवावं लागलं, कारण कुत्री कुठे आणि किती वेळ पडून राहतील याचा नेम नाही. ते हॉक्नी. बाकीच्यांनी फोटो वापरावा. फोटोवरून बाह्यरेषा लाइटबॉक्स, म्हणजे खालून उजेड देणारी पेटी, लावून कागदावर उतरवली तरी मला त्यात चोरी दिसत नाही. आम्ही जन्मभर ट्रेसिंगच केलं. ट्रेसिंगने जागा बरोबर येते, जीव येत नाही. तो पुढच्या कामात यावा लागतो.

हे पुढचं काम म्हणजे केस काढणं, असा लोकांचा समज असतो. ‘केसन् केस काढलाय हो!’ ही अशा चित्रांची ठरलेली तारीफ. मला हे मान्य नाही, आणि हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो मुख्यतः याच कारणाने. केस काढायला चिकाटी लागते. ती मोठी गोष्ट आहे, पण ती कुणालाही कमावता येते. केसांखाली कवटी आहे, जबडा आहे, गालाचा स्नायू आहे, हे दिसावं लागतं. अठराव्या शतकात इंग्रज चित्रकार जॉर्ज स्टब्स यांनी घोडे रंगवण्याआधी मेलेले घोडे थराथराने सोलून हाडं आणि स्नायू रेखाटले होते. म्हणून त्यांचे घोडे चार पायांवर वजन देऊन उभे राहिलेले दिसतात. खालचं हाड चुकलं तर वर कितीही बारीक लव काढा, ती उशीला लावलेली खोळच.

आमच्या बाबतीत नेमकं हेच झालं. आधी फक्त बाह्यरेषांचं कच्चं रेखाटन मंजुरीसाठी आलं. मी पट्टी घेऊन बसलो. डोळ्यांमधलं अंतर बरोबर, नाकाची जागा बरोबर. ही नुसती खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, “हा दादू नाही, दादूचा धाकटा भाऊ आहे.” नीट पाहिलं तर गालफडं अरुंद झाली होती आणि कानाची खाच गोलसर होऊन जवळजवळ बुजली होती. हात आपोआप देखण्या मांजराकडे वळतो, आणि आमचा बोका देखणा नाही. मी तसं कळवलं. तिने वाद घातला नाही, नवं रेखाटन केलं, आणि खाच जवळून दाखवणारा फोटो वेगळा मागवला. दुसऱ्या रेखाटनात गाल रुंद, खाच तिरपी आणि तिची वरची कड किंचित आत वळलेली. एकही केस काढलेला नसताना दादू ओळखू आला.

तेव्हा रेखाटनाच्या टप्प्यावर वेळ काढा आणि घरातल्या ज्या माणसाचा त्या प्राण्याशी रोजचा संबंध आहे, त्यालाच दाखवा. रंग चढल्यावर रंगीत पेन्सिलीत फारशी दुरुस्ती होत नाही. खोडरबराने वरचा थर थोडा उचलता येतो, पण गाल रुंद करता येत नाही. रेखाटनातला बदल फुकट, रंगकाम सुरू झाल्यावर मोठा बदल नाही, ही तिची अट मला रास्त वाटली.

साहित्य तेलाधारित रंगीत पेन्सिली आणि ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे चांगला जाड) सुती, हॉटप्रेस म्हणजे गरम दाबाने गुळगुळीत केलेला कागद. आकार ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. एका चेहऱ्याला तो पुरतो. याहून लहान कागद घेतला तर डोळ्याला जागाच उरत नाही, आणि सगळं काम डोळ्यात आहे. मेणाधारित पेन्सिलींनी दाट काळा थर दिला की काही काळाने त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. ती हलक्या हाताने पुसता येते, पण काळ्या बोक्यावर ती डोळ्यात भरली असती. म्हणून तेलाच्या.

काळा रंग हा तर स्वतंत्र विषय आहे. मला वाटलं होतं काळी पेन्सिल घेतली की झालं. अर्ध्या कामाचा फोटो आला तर बोका जांभळा-निळा! ही घाबरलीच. पण काळी लव कधी नुसती काळी नसते. खिडकीकडच्या बाजूला ती आकाशाचा निळसरपणा घेते, सावलीत तपकिरी होते, आणि म्हाताऱ्या मांजराच्या मानेवर तर विटकरी झाक असते. तिने खाली गडद निळा, जांभळा आणि सेपिया असे थर दिले होते आणि काळा अगदी शेवटी, तोही कानाच्या पोकळीत, बाहुलीत आणि हनुवटीखाली एवढाच. पूर्ण झालेलं चित्र हातात घेतलं तेव्हा जांभळा कुठेच दिसत नव्हता. बोका काळाच होता, फक्त गोल होता.

जांभळ्यावरून माझी एक शंका होती. गुलाबी आणि जांभळ्या छटांतल्या बऱ्याच उजेडाने लवकर विटतात, आमच्या रंगीत प्लॅनवर हे पाहिलेलं आहे. विचारलं तर तिने पेन्सिलींचा फोटोच पाठवला. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेन्सिलीवर प्रकाश-टिकाऊपणाच्या चांदण्या छापलेल्या असतात, तीन म्हणजे सगळ्यात टिकाऊ. तिने वापरलेल्या सगळ्या तीन चांदण्यांच्या होत्या. कुणाकडूनही चित्र करून घेताना हे विचाराच. ‘उत्तम दर्जाचे रंग’ हे काही उत्तर नाही.

आता डोळे. मी भिंग लावून पाहिले आहेत, सवयच आहे. वरच्या पापणीची बारीक सावली बुबुळावर पडलेली दाखवली आहे, त्यामुळे डोळा खोबणीत बसतो, वर चिकटवल्यासारखा वाटत नाही. बाहुली उभी, पण सुरीसारखी अरुंद नाही, मध्यम उजेडातली, बदामी. नाकाकडच्या कोपऱ्यात तो ओलसर गडद त्रिकोण आहे. चमक म्हणजे पांढऱ्या शाईचा टिपका नसून मोकळा सोडलेला कागद आहे आणि खिडकीचा चौकोन त्यात तिरका उमटला आहे. दोन्ही डोळ्यांत तो एकाच बाजूला आहे. हे तपासा. पुष्कळ चित्रांत ती चमक एकीकडे डावीकडे आणि दुसरीकडे उजवीकडे असते आणि प्राणी चकणा दिसतो.

मिशांची गंमत मला माहीत नव्हती. काळ्यावर पांढरी पेन्सिल चालत नाही, मळकट होते. म्हणून रंग द्यायच्या आधीच बोथट टोकाच्या अवजाराने कागदावर मिशांच्या जागी चर दाबून घ्यायचे. नंतर वरून पेन्सिल फिरवली की रंग चरात उतरत नाही आणि मिशी पांढरी राहते. अर्थात एकदा दाबलेला चर कायमचा, म्हणजे पहिल्या दिवशीच शेवटच्या मिशीची जागा ठरलेली हवी. मांजराला दर गालावर साधारण बारा मिशा असतात, चार ओळींत, आणि त्यांच्या मुळांशी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्या रांगा चित्रात आहेत. डावी-उजवी बाजू मात्र जरा जास्तच सारखी आलीय. दादूच्या उजव्या मिशा कायम मोडलेल्या असतात. हे मी सांगितलं नाही, हिलाही सुचलं नाही. चालायचंच.

हेच चर खरं-खोटं ओळखायलाही उपयोगी पडतात. हल्ली फोटोला फिल्टर लावून, जाड कागदावर छापून ‘हाताने काढलेलं’ म्हणून खपवणारे आहेत. चित्र खिडकीपाशी तिरकं धरा. पेन्सिलीचा थर जिथे दाट तिथे किंचित चकाकतो, दाबलेल्या रेघा खोलगट दिसतात. छापील कागद सगळीकडे एकसारखा असतो. ऑर्डर ऑनलाइन असेल तर अर्धवट कामाचे फोटो मागा, आजूबाजूचं टेबल दिसणारे. खरं काम करणारा माणूस ते आनंदाने पाठवतो.

आता कापलेला गुण. ठरलेली तारीख उलटली आणि मग बराच काळ काहीच निरोप नाही. हाताच्या कामाला उशीर होतो, मी स्वतः कंत्राटदारांना ताटकळत ठेवलेलं आहे. पण अर्धी रक्कम आगाऊ घेतल्यावर एक ओळ कळवायला काय जातं? आणि शेवटी पार्सल आलं ते गोल नळकांड्यात. ३०० जीएसएमचा सुती कागद गुंडाळून! त्यावर पेन्सिलीचे इतके थर. सुदैवाने वर ग्लासिन, म्हणजे पातळ, गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद होता, म्हणून रंग घासला गेला नाही, पण कागदाने बाक धरला तो धरलाच. दोन ड्रॉइंग बोर्डांमध्ये वजनाखाली ठेवून मी तो बराचसा सपाट केला. माझ्याकडे बोर्ड होते. बाकीच्यांनी काय करायचं? दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवणं काही अवघड नाही. मी तसं तिला लिहिलं. दिलगिरी व्यक्त करणारं उत्तर मात्र लगेच आलं.

फ्रेम आपल्याकडून करून घ्यावी लागते. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, लावायला सांगा, म्हणजे काच चित्राला टेकत नाही, आणि माउंट ॲसिडफ्री (आम्ल नसलेला) हवा, नाहीतर कडेने पिवळी पट्टी उमटते. खिडकीच्या समोरची भिंत टाळा, तीन चांदण्या असल्या तरी.

दोन प्राणी एका चित्रात हवे असतील तर या बाई एक अट घालतात: दोन्ही फोटोंत प्रकाश एकाच बाजूने असला पाहिजे, नाहीतर काम घेत नाहीत. काहींना हा ताठा वाटेल. मला आवडला. फोटो व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला असेल तर त्याची लेखी परवानगीही मागतात, आणि चित्राच्या प्रती कोण छापू शकेल हे आधीच लिहून घेतात.

वाढदिवस गाठायचा असेल तर इथे जाऊ नका, तारीख चुकेल. फक्त मऊ लव आणि गोड चेहरा हवा असेल तर याहून लवकर देणारे पुष्कळ आहेत. आपलाच प्राणी हवा असेल, त्याच्या खाचेसकट, तर जा. धाकट्या मेहुणीच्या लंगड्या कुत्रीची ऑर्डर मी याच बाईंना दिली आहे. फॉर्मच्या शेवटी ‘विशेष सूचना’ असा रकाना असतो. त्यात कुत्रीबद्दल काही लिहिलं नाही, एवढंच लिहिलं: गुंडाळू नये, सपाट पाठवावे.