सिनेमा दाखवून इंग्रजीत भांडायला शिकवणारा क्लास : 8 शनिवारांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मला इंग्रजी येतं. म्हणजे मेल लिहिता येतात, रिपोर्ट वाचता येतो, मुलाच्या टीचरशी बोलता येतं. येत नाही ते एकच, समोरच्याला "तुमचं चुकतंय" असं तोंडावर सांगणं. मराठीत मी रिक्षावाल्यापासून सासरेबुवांपर्यंत कुणाचं ऐकून घेत नाही, पण चाकणला आमच्या प्लांटमध्ये जर्मनीच्या कस्टमरचा कॉल आला की पार्टमध्ये दोष नाहीये हे माहीत असूनही तोंडातून निघतं ते "ओके सर, वी विल चेक". शेवटी मैत्रिणीचं ऐकून पुण्यातल्या या वीकेंड क्लासला नाव घातलं. 8 शनिवार, दुपारी 3 ते साडेपाच, फी साडेसहा हजार, बॅचमध्ये 19 जण, सगळे नोकरी-धंदेवाले आणि एक रिटायर्ड काका.

सिनेमा बघायचा आणि त्यातून डिबेट शिकायचं, असा प्रकार आहे. मला वाटलं लाइट बंद, समोसा, डुलकी. पण मॅडमनी 1957 चा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' लावला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि थोड्याच वेळात सरळ पॉज केला. बापाच्या खुनाचा आरोप असलेला पोरगा, एका खोलीत कोंडलेले 12 ज्युरी, म्हणजे तो दोषी की निर्दोष हे ठरवणारी साधी माणसं, आणि पहिलं मतदान 11 विरुद्ध 1, 11 जण दोषी म्हणणारे. (बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' बघितला असेल तर गोष्ट तीच आहे.) मॅडमनी विचारलं, हा एकटा पडलेला माणूस "पोरगा निर्दोष आहे" असं म्हणतो का? आम्ही सगळे जोरात, हो! परत लावून दाखवलं तर तो तसं म्हणतच नाही, तो म्हणतो मला माहीत नाही, जरा बोलूया. मी तिथे गप्पच झाले, कारण मी इतकी वर्षं याच समजुतीत होते की आपल्याकडे शंभर टक्के उत्तर तयार असेल तरच नाही म्हणायचं, आणि इंग्रजीत ते उत्तर जुळवेपर्यंत कॉल संपलेला असतो.

कुणीतरी विचारलं ज्युरी म्हणजे नक्की काय, तर काका सुरूच झाले, नानावटी केस, म्हणजे नौदलातल्या अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला, 1959, मुंबईत, ज्युरीनं 8 विरुद्ध 1 नं निर्दोष ठरवला आणि हायकोर्टानं ते फिरवलं. 10 मिनिटं गेली त्यात आणि सगळी मराठीतून. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आता हेच इंग्लिशमध्ये, 2 मिनिटांत. काकांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण सांगितलं हो त्यांनी.

पद्धत मला खरंच आवडली. एक छोटा सीन तीनदा, पहिल्यांदा इंग्लिश सबटायटलसकट, मग सबटायटलशिवाय, आणि मग आवाज म्यूट करून संवाद आपण म्हणायचे. पाठ केलेलं कुणालाच आठवत नाही त्यामुळे आपल्याच शब्दांत भांडावं लागतं, तिथेच खरी जीभ सुटते. तो सीन आहे ना, पाय ओढत चालणारा म्हातारा साक्षीदार म्हणतो मी 15 सेकंदात दारापर्यंत पोचलो, आणि ज्युरी खोलीत तसं चालून बघतात तर चाळीसच्या वर सेकंद लागतात. आम्ही खुर्च्या सरकवल्या, काकांना वॉटर फिल्टरपासून दारापर्यंत लंगडत चालायला लावलं, मोबाइलवर स्टॉपवॉच, हसून हसून मेलो सगळे, आणि लगेच त्यावरच बोलायचं, चार पायऱ्यांत : दे से, बट, बिकॉज, देअरफोर. समोरचा काय म्हणतो ते आधी, मग पण, मग का, मग म्हणून काय. आयुष्यात पहिल्यांदा मी इंग्रजीत एक अख्खा मुद्दा न अडखळता खोडला, तोही एका म्हाताऱ्याच्या चालण्यावरून.

एक ज्युरी आरोपी पोराला इंग्रजी बोलता येत नाही म्हणून हिणवतो आणि ते म्हणतानाच 'डझन्ट'च्या जागी 'डोन्ट' म्हणतो, आणि त्याची चूक सुधारतो कोण तर बाहेरून अमेरिकेत आलेला घड्याळजी. यावर आमच्या बॅचला जेवढं हसू आलं तेवढं अमेरिकेत कुणाला आलं नसेल.

दुसरा सिनेमा 'द ग्रेट डिबेटर्स', 2007 चा, डेन्झेल वॉशिंग्टनचा, टेक्सासच्या वायली कॉलेजच्या कृष्णवर्णीय मुलांची डिबेट टीम. सिनेमा छान, रडले मी, पण शिकायला तितका उपयोगी वाटला नाही. त्यात भाषणं आहेत, टाळ्यांची, आणि बहुतेक वेळा आपल्याला पटते तीच बाजू त्यांच्या वाट्याला येते, मग आम्ही सगळे शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखे हातवारे करायला लागलो. कामाचं निघालं ते वेगळंच. सिनेमात ते हार्वर्डला हरवतात, प्रत्यक्षात 1935 साली हरवलं होतं सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या टीमला. मॅडमनी त्यावरच विषय दिला, सिनेमावाल्यांनी असा बदल करावा का, आणि बाजू चिठ्ठ्या काढून. मला "करावा" आली. मला अजिबात पटत नाही ते, पण 3 मिनिटं बोलले, आणि आता थोडं पटायला लागलंय, काय करू.

तक्रारी आहेत. 19 जण जास्त होतात, एका शनिवारी जेमतेम एकदा नंबर लागतो आणि जे आधीच फाडफाड बोलतात तेच दोनदा बोलतात. एकदा तर हिंदी सबटायटलवाली फाइल लागली आणि अर्धा तास दुसरी शोधण्यात गेला. उच्चारांवर कुणी काही सांगत नाही. आणि अगदीच कच्चं इंग्रजी असेल तर इथे येऊ नका, डोक्यावरून जाईल, फी वाया.

गेल्या आठवड्यात जर्मनीच्या कस्टमरच्या कॉलवर मी म्हणाले, "आय सी युवर पॉइंट, बट अवर मेजरमेंट सेज समथिंग एल्स." पलीकडे शांतता. मग तो म्हणाला फोटो पाठवा. पाठवले. अजून उत्तर नाही, पण "वी विल चेक" यावेळी त्याने म्हटलंय.

5 पैकी 4 स्टार. जाणार असाल तर डाव्या बाजूला पुढे बसा, मागे पंख्याच्या खडखडाटात एक शब्द ऐकू येत नाही.