सहा साच्यांचा डोनट ट्रे: आठ महिने वापरून झाल्यावर

ट्रे घेण्याआधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले, त्यात बहुतेकांनी पार्सल फोडल्याच्या दुसऱ्या दिवशीच पाच स्टार देऊन टाकले होते. नॉनस्टिकचा खरा रंग दुसऱ्या दिवशी कुठून दिसणार? म्हणून ठरवलं होतं, पावसाळा लागेपर्यंत काही लिहायचं नाही. दिवाळी झाल्यावर घेतला, आता आषाढ चाललाय. मधल्या काळात चाळीसेक घाणे तरी काढले असतील.

वस्तू साधी आहे. काळा पत्र्याचा नॉनस्टिक ट्रे, सहा खळगे, प्रत्येकाच्या मधोमध छोटा उंचवटा. किंमत ५४० रुपये. पहिला ट्रे वाकडाच आला, ओट्यावर ठेवला की एका कोपऱ्यावर नाचायचा. बदलून मिळाला, पण त्यात अकरा दिवस गेले. घेणाऱ्यांनी आपल्या ओटीजीची, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनची, आतली रुंदी आधी टेपने मोजावी. माझा २८ लिटरचा आहे, त्यात हा जेमतेम बसतो. ट्रे दोन्ही भिंतींना टेकला तर गरम हवा फिरत नाही आणि कडेचे चार डोनट मधल्या दोनांपेक्षा आधी करपतात.

आता मुख्य तक्रार, आणि ती ट्रेबद्दल नाही, माझ्याच अपेक्षेबद्दल आहे. मला बेकरीतला डोनट हवा होता: हलका, दाबला की परत वर येणारा, बाहेरून तेलात फुललेला. तो या ट्रेत होत नाही. बेकिंग पावडर घालून या खळग्यांत भाजता तो डोनटच्या आकाराचा केक असतो. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझा पहिला महिना वाचला असता.

त्या महिन्यात मी यीस्टचं पीठ मळून पाहिलं. मसाला डोनट म्हणून चांगली दोन चमचे दालचिनी पिठातच घातली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात डिसेंबरची थंडी, त्यात दालचिनी. दोन तास झाले तरी पीठ हूं की चूं करेना. दालचिनीने यीस्ट मंदावतं हे नंतर कळलं. म्हणून बेकरीवाले ती पिठात ढकलून न देता वरून साखरेबरोबर लावतात किंवा लोण्यात कालवून मध्ये पसरतात. पुढच्या वेळी तसं केलं, फुगले छान, पण लागले पावासारखे. सासूबाई म्हणाल्या, "याच्याबरोबर मिसळ कर."

दुसरा फजितीचा घाणा हळदीचा. सांगलीत राहून हळद घालायची नाही म्हणजे काय! इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, गणपती पेठेतून जाताना नाकालाच कळतं आपण कुठे आहोत. तर मी आलं, मिरी, दालचिनी आणि पाऊण चमचा राजापुरी हळद असा बेत केला. घाईत बेकिंग पावडरच्या जागी सोड्याचा डबा उचलला आणि भरलेला एक चमचा टाकला. ओटीजीतून बाहेर आले ते पिवळे नव्हते, विटकरी होते, मध्ये मध्ये तर चक्क लाल ठिपके. चवीला साबण. आईंनी एक तुकडा मोडून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अगं, कुंकू केलंस की!" खरंच आहे. हळदीला चुना लागला की लाल होते, सोड्यानेही तेच. तेव्हापासून सोड्याच्या डब्याला लाल टिकली चिकटवली आहे. हळद अजूनही घालते, पण पाव चमचा, आणि सोबत दही असतंच.

या कुंकवानंतर आठवडाभर ट्रे फडताळात होता. बाहेर आला तो भोपळ्यामुळे. संक्रांतीच्या आसपास घरात अर्धा तांबडा भोपळा पडून होता आणि आई घारगे करायच्या बेतात होत्या. भोपळा, गूळ, जायफळ, वेलची. मी त्या परातीकडे बघत उभी राहिले आणि वाटलं, परदेशात ज्याला भोपळ्याचा मसाला डोनट म्हणून थंडीत मिरवतात, तो आपल्याकडे कढईत पुरीसारखा तळतात की. मग निम्मं साहित्य त्यांच्याकडून मागून घेतलं. तेव्हापासून हाच एक प्रकार पक्का झालाय.

सहा डोनटला माझं माप असं: मैदा ७५ ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम, किसलेला गूळ ७५ ग्रॅम, वाफवून घोटलेला भोपळा ९० ग्रॅम, घट्ट दही ५० ग्रॅम, पातळ तूप ३५ ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव चमचा आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, गुळाला त्यानेच धार येते. भोपळा वाफवल्यावर चाळणीत अर्धा तास निथळत ठेवायचा, नाहीतर पाणचट पिठाचा डोनट मधून गिच्च राहतो. गूळ भोपळा गरम असतानाच त्यात विरघळवायचा, म्हणजे खडे राहत नाहीत. कोरडं आणि ओलं एकत्र केल्यावर दहा-बारा वेळा ढवळायचं, बास. केकचं पीठ फेटायची सवय असेल तर हात बांधून ठेवा. जास्त ढवळलं की डोनट रबरी होतो.

मसाल्यावर थोडं जास्त बोलते, कारण सगळा फरक तिथेच आहे. तयार दालचिनी पूड मी बंद केली. बाजारात बहुतेक जाड सालीची दालचिनी मिळते, तिखटसर. पातळ, कागदाच्या सुरळीसारखी असते ती श्रीलंकेची, गोडसर. डोनटला मला जाडच आवडते, गुळापुढे पातळ दालचिनीचा आवाज निघत नाही. अर्धा इंच दालचिनी, दोन लवंगा, चार वेलदोडे आणि पाव चमचा सुंठ एकत्र कुटते. जायफळ मात्र कुटायचं नाही. बाळाच्या घुटीची सहाण घरात आहे, पण तिच्यावर उगाळलं तर पाणी लागतं, म्हणून बारीक किसणीवर पाच-सहा वेळा फिरवते, थेट पिठावर. तो वास आला की धाकटा अभ्यास सोडून ओट्याशी येतो.

भरण्याची युक्ती. चमच्याने भरायला गेलात तर पीठ उंचवट्यावर सांडतं आणि भोक बुजतं. मुलांनी त्याला बेंबीवाला डोनट असं नाव ठेवलंय. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, वाळवून तिचा कोपरा कापा आणि गोल फिरवत भरा. खळगा पाऊण भरला की थांबायचं. उरलेलं दोन चमचे पीठ मी तूप लावलेल्या स्टीलच्या वाटीत टाकून बाजूला भाजते, ते करणाऱ्याचं.

ओटीजी १८० वर दहा मिनिटं तापवून घ्यायचा, मग ११ ते १२ मिनिटं. माझ्या ओटीजीचं बटण थापा मारतं. वेगळा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा कळलं की १८० वर लावलं की आत २००च्या पुढे जातं. मी आता १६५वर लावते. काळा ट्रे उष्णता जास्त ओढतो, खालची बाजू आधी लाल होते, त्यामुळे मधल्या कप्प्याच्या खाली ठेवू नका. दोन घाण्यांना तापवण्यासकट जेमतेम एक युनिट वीज जाते. एकदा सहाव्या मिनिटाला लाईट गेली. दार उघडलं नाही, आहे त्या धगीवर पंचवीस मिनिटं ठेवलं. बसके झाले, पण संपले.

आता नॉनस्टिक. चार महिने निर्वेध. तूप पुसल्यासारखं लावायचं, बाहेर काढल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मग ट्रे उलटा केला की टपाटप पडतात. लगेच उलटलं तर मोडतात, पंधरा मिनिटं राहिलं तर घाम सुटून तळ ओला होतो. पाचव्या महिन्यात दोन उंचवट्यांचं टोक पांढुरकं दिसायला लागलं. सुरी लावायचा मोह तिथेच होतो आणि झिजही तिथेच सुरू होते. आमच्याकडे पाहुण्या काकूंनी प्रेमाने तारेच्या घासणीने घासला, त्याचे ओरखडे एका खळग्यात आहेत. तो खळगा आता मी वापरत नाही, म्हणजे माझा ट्रे पाच डोनटचा झालाय. फवारायचं तेलही एकदा आणलं होतं, त्याचा कोपऱ्यात चिकट पिवळा थर बसला आणि तो गरम पाण्यात तासभर भिजवूनही पूर्ण निघाला नाही. तूपच बरं.

बहिणीकडे साताऱ्याला सिलिकॉनचा साचा आहे. डोनट सुटतात सुरेख, पण रंग येत नाही, फिकुटलेले दिसतात, आणि खाली ताट ठेवल्याशिवाय तो उचलता येत नाही. मी पत्र्यालाच मत देईन.

वर साखर-दालचिनी लावायची असेल तर एक सावधगिरी. थंडीत संध्याकाळपर्यंत कोरडी राहते. आता पावसात सकाळी डब्यात दिले आणि दुपारी मधल्या सुट्टीत साखरेचं पाणी झालेलं. हल्ली साखर वेगळ्या डबीत देते, खाताना घोळवून घ्या म्हणते. थोरली घोळवते. धाकटा साखर आधी खातो आणि डोनट परत आणतो.

पाचपैकी स्टार द्यायचे तर साडेतीन. तळलेल्या डोनटची आस असेल तर ५४० रुपये वाचवा आणि कढई चढवा. आई अजूनही घारगे तळतातच, पण गुडघ्याने शेगडीपुढे उभं राहवत नाही तेव्हा मला म्हणतात, "तुझे ते भोकाचे घारगे लाव आज." कालच लावले. पाच.